बाई, तुम्ही खरंच ज्यू? वाचकांचे प्रश्न, एका सोलापूरकर शिक्षिकेची उत्तरं

मागच्या अंकात आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजाच्या सणांवर मी दोन पानं लिहिली होती. त्यावर सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून पत्रं आली. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर न देता पाठवणं माझ्याच्यानं होत नाही. ज्यांचे प्रश्न सारखे होते, त्यांचा एकच घेतला आहे.

बाई, तुमचं मराठी वाचून तुम्ही ज्यू आहात हे खरंच वाटत नाही. तुम्ही मूळच्या कुठल्या आणि सोलापुरात कशा आलात?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

आम्ही मूळचे पेणचे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन सोलापूरला आले आणि इथलेच झाले. आमच्या समाजातली पुष्कळ घरं अशीच पांगली. पलटण, रेल्वे, पोस्ट, इस्पितळ, जिथे नोकरी तिथे बिऱ्हाड.

त्याआधीची गोष्ट आजीकडून ऐकलेली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांचे देह गावकऱ्यांच्या मदतीनं तिथेच पुरले, आणि आज त्या जागी स्मारक आहे. हे कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पोथ्या पाण्यात गेल्या. राहिलं ते पाठ असलेलं: शेमा, म्हणजे परमेश्वर एकच आहे ही प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शनिवारची विश्रांती. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. ज्या गावी राहिले त्या गावाला 'कर' जोडून आडनावं झाली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर. नावंही इथली होऊन गेली. मुंबईत मांडवीला १७९६ साली आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, ज्यांनी बांधलं, ते पलटणीतले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात.

मराठीबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचं आहे. पुष्कळजण कौतुकानं म्हणतात, 'किती छान मराठी शिकलात!' अहो, शिकलो नाही. माझ्या आजीला हिब्रूतल्या चार ओळी येत होत्या, पण लेकराला ताप आला की ती देवाला मराठीतच हाक मारायची. पुण्यात १८७४ साली छापलेल्या वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, पोथीत हिब्रू मजकुराशेजारी मराठी आहे, आणि बेखमीर रोट्या करणाऱ्या बाया लुगडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. रेल्वे लाइन्समध्ये आमच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला कानडी, समोर दखनी. त्या गल्लीत आम्हीच मराठी म्हणून ओळखले जायचो.

आमच्या शेजारी पुण्याहून बदलून आलेलं बेने इस्राएल कुटुंब राहायला आलं आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत त्यांना जेवायला बोलवायचं मनात आहे. काय करू आणि काय टाळू?
(गृहिणी, विजापूर रोड)

बोलवाच. भोगीचं जेवण करा: बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेंगाची चटणी, वर लोणी. शाकाहारी ताटात आम्हाला अडचणीचं जवळजवळ काहीच नसतं. तूप, दही, ताक, तिळगूळ, सगळं चालतं.

अडचण येते ती मांसाहारात. मटण करू नका. आमच्यात जनावर ठरावीक पद्धतीनं, त्यासाठी शिकलेल्या माणसानंच कापावं लागतं आणि मांस मीठ लावून रक्त काढून घ्यावं लागतं. सोलापुरात ती सोय नाही, म्हणून इथली आमची घरं बहुतेक करून भाजी आणि मासे खातात. मासा करणार असाल तर त्याला खवले आणि पर दोन्ही हवेत. उजनीचा रोहू, कटला उत्तम. मांगूर, कोळंबी, खेकडा नको. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून आमच्या रश्शात आणि गोडातही नारळाचं दूध पडतं.

या माशांवरून आमच्यात एक जुनी हकिगत सांगतात. दाऊद रहाबी नावाचे ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे शनिवार पाळणारे लोक कोण, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले, आणि ते समाजाचे काजी झाले. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या चुलीपुढच्या बायका. पोथी नाही, धर्मगुरू नाही, तरी काय खायचं आणि काय नाही हे त्यांनी आईकडून लेकीकडे चालू ठेवलं होतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ असतो, तेव्हा तो वेळ टाळून बोलवा. आणि काही घरांत भांड्यांचं सोवळं कडक असतं. सरळ विचारा, किंवा पत्रावळी मांडा. विचारलं तर कुणाला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

तुमच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा करतात असं तुम्ही लिहिलं होतं. कृती सांगाल का?
(बार्शी, पंढरपूर आणि अक्कलकोट इथल्या तिघी वाचक)

रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतं. त्या दिवशी हा हलवा हवाच. तुम्ही कुरडया घालत असाल तर अर्धं काम तुम्हाला येतंच.

गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, फडक्यातून गाळून, पिळून चोथा टाकायचा. गाळलेलं रात्रभर निवत ठेवलं की सकाळी वर पाणी आणि खाली पांढराशुभ्र चीक बसतो. वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. एक वाटी दाट चिकाला चार वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर, चिमूटभर मीठ. नारळाचं पहिलं दाट दूध आणि दुसरं पातळ दूध दोन्ही त्यात येऊ द्या.

जाड बुडाच्या पातेल्यात सगळं थंड असतानाच एकत्र करून मग आच लावा. आधी आच आणि मग चीक असं केलं तर गुठळ्या होतात आणि मग काही केल्या मोडत नाहीत. लाकडी उलथनं हातातून सोडायचं नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ते नुसतं दूधच दिसतं, नवख्या बाईचा धीर सुटतो. नंतर एकाएकी ते आळतं, जड होतं, उलथन्याला ओढतं. तिथून पुढे खरी मेहनत. कडेनं खोबऱ्याचं तेल सुटायला लागलं, रंग पांढऱ्याचा काचेसारखा झाला आणि गोळा पातेल्याची बाजू सोडून उलथन्याबरोबर फिरायला लागला की झाला. वेलची घाला, ताटात थापा, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबा. पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडा. काहीजण गुलाबी रंग घालतात. आमच्याकडे पांढराच.

पूर्वी हे पातेलं दोघी-तिघी आळीपाळीनं ढवळायच्या. आता माझ्याकडे ढवळायला समोरच्या घरातल्या पद्मशाली वहिनी येतात, आणि पहिली वडी मी त्यांच्याच हातावर ठेवते.

मी पंढरपूरला कीर्तन करतो. ज्यू लोकांतही मराठी कीर्तन होतं असं ऐकलं. हे खरं आहे का?
(एक कीर्तनकार)

खरं आहे, महाराज, आणि तुमच्याकडून हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला.

१८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या मंडळींनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर कीर्तन सुरू केलं. त्या काळी घरोघर हिब्रू कळत नव्हतं, पण आख्यान कसं ऐकायचं हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होतं. मग तोच रस्ता धरला. आब्राहाम, योसेफ, मोशे, एलियाहू यांची चरित्रं साकी, दिंडी, ओवी, आर्या, पदं यांत बांधली. उभं राहून निरूपण करायचं, मध्ये गायचं, साथीला पेटी, तबला आणि झांजा. ती पदं पुस्तिकांच्या रूपानं छापलीही गेली.

माझ्या आजोबांना योसेफाचं आख्यान पाठ होतं. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं, मग व्यापाऱ्यांना विकलं, आणि पुढे मिसर देशात मोठ्या पदावर बसलेला तोच योसेफ दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांना ओळख देतो. तो प्रसंग ते इतका लांबवत की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. रेल्वे लाइन्समध्ये ते गायला बसले की ऐकायला येणाऱ्यांत ज्यू आमचंच एक घर, बाकी सगळे वारकरी, लिंगायत आणि दोन मुसलमान फायरमन. 'योसेफाचा भाऊ बेन्यामिन सुटला की नाही?' हे दुसऱ्या दिवशी नळावर विचारायचे.

आता हे गाणारे फार थोडे उरले आहेत, बहुतेक वयस्क बायका. तुम्ही आख्यानातले जाणकार आहात. जुनी पदं कुणी चालीसकट शिकून घ्यायला तयार असेल तर मला येतात तेवढी मी द्यायला तयार आहे. माणूस कुठल्या धर्माचा, हे मी विचारणार नाही.

शाळेच्या प्रकल्पासाठी विचारते. सगळे ज्यू एकसारखेच असतात का?
(इयत्ता नववी, अकलूज)

नाही गं बाळ. एकट्या भारतातलेच बघ.

कोकणातून आलेले आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे, संख्येनं सगळ्यांत जास्त. कोचीचे ज्यू मल्याळम बोलणारे. त्यांचं मट्टनचेरीचं परदेशी सिनेगॉग १५६८ सालचं. बगदादी ज्यू इराक आणि आजूबाजूच्या देशांतून व्यापारासाठी आले. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले, आणि पुण्याचं ससून रुग्णालय तुला माहीत असेलच. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांनीच उभारलं. मणिपूर-मिझोराममध्ये बेने मनाशे आहेत, आणि आंध्रात तेलुगू बोलणारे बेने एफ्राइम.

आता वहीत एक गोष्ट आवर्जून लिही, कारण पुस्तकं ती गाळतात. या सगळ्यांनी एकमेकांना नेहमी बरोबरीनं वागवलं नाही. बगदाद्यांपैकी अनेकांनी आम्हाला कमी लेखलं, दफनभूमीत मध्ये भिंत घाला असा अर्जही झाला. आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता आणि रोटीबेटी चालत नसे. कोचीत तथाकथित गोऱ्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये काहींना बरोबरीनं बसू देत नसत. तिथल्या ए. बी. सालेम या वकिलांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, म्हणून लोक त्यांना ज्यूंचे गांधी म्हणत. आपण महाराष्ट्रात हे नीट समजू शकतो. आज ते भेद जवळपास गेले, पण ते कुणीतरी भांडल्यामुळे गेले.

उपासनेतही फरक आहे. बहुतेक सिनेगॉगमध्ये स्त्रिया वेगळ्या बसतात. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियनची स्थापना केली. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसतात. या डॉक्टरीणबाई कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रकल्पात एकच चित्र लावायचं असेल तर त्यांचं लाव.

तुमचे बहुतेक लोक इस्रायलला गेले. तुम्ही का गेला नाहीत?
(निवृत्त बँक कर्मचारी, मोहोळ)

देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो. आता चार-पाच हजार. इथे कुणी छळलं म्हणून कुणी गेलं नाही. कुणी श्रद्धेनं गेलं, कुणी नोकरीसाठी, कुणी मुलीचं लग्न जमेना म्हणून. तिथेही सोपं नव्हतं. बेने इस्राएलांशी लग्न लावताना वंशाची चौकशी करावी, असा फतवा तिथल्या मुख्य धर्मपीठानं काढला. आमच्या माणसांनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं हे लोक सर्वार्थानं ज्यू आहेत असं ठरवलं.

माझी धाकटी बहीण अश्दोदला आहे. तिच्याकडे महाराष्ट्र दिन होतो, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक येतं, आणि ती मला फोनवर कडक भाकरी पाठवायला सांगते. तिथल्या युद्धाबद्दल आमच्या घरातच चार मतं आहेत. ती मी इथे मांडणार नाही, पण भारतातल्या प्रत्येक ज्यूला त्या सरकारचा प्रतिनिधी समजून जाब विचारू नये, एवढी विनंती करते. मी राहिले, कारण माझा वर्ग इथे होता, आई-वडील इथे होते. दुसरं कारण शोधावं असं कधी वाटलं नाही.

मी ठाण्याचा बेने इस्राएल. चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे. यंदा वडील गेले. इथे दहा पुरुष जमत नाहीत, त्यामुळे वडिलांसाठीची कादीश प्रार्थना म्हणता येत नाही. घरी एकटाच असतो. मी काय करू?
(एक तरुण वाचक)

बेटा, तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर सगळ्यात शेवटी लिहिते आहे, कारण ते सावकाश लिहायचं होतं.

कादीशला मिन्यान लागतं, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. ते इथे जमत नाहीत आणि एकट्यानं कादीश म्हणायची नाही, हे तुला माहीतच आहे. आमच्या वडिलांच्या वेळी माझ्या भावापुढे हाच प्रश्न होता. महिन्यातून एकदा तो शुक्रवारी पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचा, रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये संध्याकाळ आणि शनिवार काढायचा आणि रविवारी परत यायचा. अनोळखी मुलाला तिथे लोक विचारून जेवायला घरी नेत. तूही जा. आधी फोन करून जा, म्हणजे दहाजण जमतील याची ते सोय बघतात.

बाकीच्या दिवसांसाठी एकट्याला करता येतं ते पुष्कळ आहे. शेमा एकट्यानं म्हणता येते, अमिदा, म्हणजे उभ्यानं म्हणायची प्रार्थना, तीही एकट्यानं म्हणता येते. स्तोत्रसंहितेतलं ११९ वं स्तोत्र उघड. हिब्रूच्या बावीस अक्षरांचे त्यात प्रत्येकी आठ श्लोक आहेत. वडिलांच्या हिब्रू नावातल्या एकेका अक्षराचे श्लोक क्रमानं म्हण. हिब्रू वाचता येत नसेल तर मराठीत म्हण. वडिलांच्या नावानं दानाची पेटी ठेव, महिनाअखेर ती एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या फीसाठी दे.

शुक्रवार चुकवू नकोस. नोकरीवरून उशीर होत असेल तर साहेबांना सांग, सोलापुरात माणसं समजून घेतात. सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी दिवे लावायचे. माझ्याकडे आजीची पद्धत आहे: काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. ती रात्रभर पुरते. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुका गुरुवारी रात्री धुऊन भिजत घाल, शुक्रवारी कुस्करून गाळून घे, झालं शरबत. चपातीवर आशीर्वाद म्हण आणि जेव. एवढं सगळं एकट्यासाठी कशाला, असं मनात आणू नकोस. पुष्कळ वर्षं माझ्याही टेबलावर एकच पान असतं आणि मी दोन दिवे लावते.

मलिदाही घरी करता येतो. वडिलांच्या नावानं कर: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, आणि ताटाभोवती फळं. खजूर-सफरचंदावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद, केळ्यावर मात्र जमिनीच्या उपजेचा. गुलाब किंवा सब्जा हुंगून सुवासाचा. मग एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, याचं नाव घेऊन सगळ्यांना वाट. खोलीवरच्या मित्रांना बोलाव, ते कुणीही असोत.

वर्षाची तिथी हिब्रू पंचांगानं धरायची, इंग्रजी तारखेनं नाही. आपलं वर्षही चांद्र आहे, एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक मास येतो, त्यामुळे तारीख दरवर्षी पुढेमागे होते. शिवाय आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. वडील सूर्यास्तानंतर गेले असतील तर तिथी पुढच्या दिवसाची. ही गफलत फार घरांत होते.

येत्या शुक्रवारी माझ्याकडे ये, दिवे लागायच्या अर्धा तास आधी. पत्ता संपादकांकडे दिला आहे. येताना वडिलांचं आणि आजोबांचं हिब्रू नाव, गेल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून आण. पंचांग माझ्याकडे आहे, पुढच्या दहा वर्षांच्या तिथ्या बसून काढू.